शांता आपटे : एका गायिका-अभिनेत्रीचे जीवन आणि लेखन

मराठी बोलपटाच्या पहिल्या दशकात ज्या स्त्रियांनी नाव मिळविले त्यांत शांता आपटे यांचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे. 'कुंकू' या चित्रपटाचा उल्लेख आल्यावाचून मराठी चित्रपटाचा कोणताही इतिहास पुरा होत नाही, आणि 'कुंकू'चा उल्लेख आला की त्यांचे नाव येतेच. परंतु तेथून पुढे त्यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तर त्यांच्याकडे जवळजवळ दुर्लक्षच केले. वस्तुतः त्यांचा संबंध एका कादंबरीकाराच्या बऱ्याच कृतींशी आला, मराठी नाट्यवाङ्मयातील एका जुन्या प्रश्नाला त्यांच्या भूमिकेने वेगळे वळण मिळाले, एका परभाषेत त्यांनी पूर्ण तयारीनिशी काम केले, आणि १९४० साली स्वतःच्या व्यवसायाविषयी एक मराठी पुस्तक लिहिले. हे सर्व लक्षात घेतले म्हणजे त्यांचे चरित्र केवळ चित्रपटाच्या इतिहासापुरते राहत नाही.

शांताबाईंचा जन्म १९१६ साली दुधनी येथे झाला. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे गाव मराठी आणि कन्नड या दोन भाषांच्या सीमेवर वसलेले आहे. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते व त्यांना गाण्याची आवड होती. मुलीचा गळा लहानपणीच लक्षात आला, आणि धार्मिक उत्सवप्रसंगी भजने म्हणण्यापासून तिच्या गायनाचा आरंभ झाला. पुढे पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. थोरले बंधू बाबूराव आपटे यांची त्यांच्यावर कडक देखरेख असे. त्यांना चित्रपटात आणले तेही बाबूरावांनीच. सुशिक्षित ब्राह्मण कुटुंबातील मुलीने बोलपटात काम करणे ही त्या वेळी सहज पचणारी गोष्ट नव्हती. दुर्गा खोटे यांनी १९३२ साली 'अयोध्येचा राजा'त तारामती उभी केली होती, तरी समाजाची भीड एका चित्रपटाने मोडली असे समजण्याचे कारण नाही.

त्याच १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये शांताबाई राधेच्या भूमिकेत प्रथम पडद्यावर आल्या. कृष्ण शाहू मोडक होते. पुण्याच्या सरस्वती सिनेटोनचा हा बोलपट मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. बोलपट नवा, प्रेक्षक नाट्यसंगीतावर पोसलेला, आणि पडद्यावर दोन कोवळी गाणारी मुले. लोकांनी तो उचलून धरला यात नवल नाही. मात्र शांताबाईंच्या गुणांची खरी पारख झाली ती 'प्रभात'मध्ये.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली व १९३३ साली पुण्यास आली. पुण्यातील नव्या स्टुडिओत तयार झालेला 'अमृतमंथन' १९३४ साली मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. त्याची कथा नारायण हरी आपटे यांच्या 'भाग्यश्री' या कादंबरीवरून घेतलेली होती. हे कादंबरीकार आणि शांताबाई यांचे आडनाव एकच असले तरी त्यांचा परस्परसंबंध येतो तो कलाकृतींतून. 'रजपूत रमणी'ची (१९३६) कथाही याच लेखकाची. 'कुंकू' तर त्यांच्या १९२३ सालच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरूनच झाला. प्रभातमध्ये शांताबाईंनी ज्या स्त्रिया पडद्यावर मूर्त केल्या त्यांतील कित्येक आधी ना. ह. आपटे यांच्या कल्पनेत जन्मल्या होत्या. एखाद्या लोकप्रिय कादंबरीकाराच्या नायिकांना इतक्या सातत्याने एकच अभिनेत्री लाभण्याचे दुसरे उदाहरण त्या काळच्या मराठीत सहज सापडणार नाही.

'अमृतमंथन'ला केशवराव भोळे यांचे संगीत होते. भोळे स्वतः गायक आणि संगीतावर साक्षेपाने लिहिणारे टीकाकार. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाशी त्यांचा निकटचा संबंध आला होता. गाणे प्रसंगातून उगवले पाहिजे, मैफलीतून उचलून नाटकात ठेवलेले असता कामा नये, ही त्या संस्थेची दृष्टी त्यांनी चित्रपटात आणली. तिला अनुरूप असा गळा आणि असा देह त्यांना शांताबाईंच्या ठिकाणी मिळाला. तोवर पडद्यावरचे गाणारे पात्र बहुधा स्थिर उभे राही. रंगभूमीवरून आलेली ती सवय होती, आणि ध्वनिग्राहकाच्या मर्यादेनेही ती पक्की केली होती. शांताबाईंनी गाताना हात हलविले, मान वळविली, डोळे बोलके ठेवले. स्वराबरोबर अंगही त्या भावनेत सामील झाले. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण गाणे म्हणजे अभिनयातील विराम नव्हे, गाणे हाच अभिनय, ही कल्पना पडद्यावर रुजविणाऱ्यांत त्यांचा वाटा मोठा आहे. 'अमरज्योति'त दुर्गा खोटे यांची चाचेगिरी करणारी सौदामिनी आणि शांताबाईंची राजकन्या या दोघी एकत्र आल्या. तेथे त्यांची भूमिका दुय्यम होती, पण गाणी लोकांच्या ओठी बसली.

१९३७ चा 'कुंकू' हा मात्र सर्वस्वी त्यांचा चित्रपट. व्ही. शांताराम यांनी तो हिंदीतही 'दुनिया न माने' या नावाने केला. या कथेला तीन नावे मिळाली हे अर्थपूर्ण आहे. कादंबरीकाराने 'न पटणारी गोष्ट' म्हणून आपला अभिप्राय नावातच सांगितला. मराठी चित्रपटाने सौभाग्याचे चिन्ह पुढे केले. हिंदी चित्रपटाने जगाच्या अमान्यतेकडे बोट दाखविले. मराठी नाव तिन्हींत सरस म्हणावे लागेल, कारण त्यात कोणताही निवाडा नाही. कपाळावरील एका लाल ठिपक्यावर हक्क कोणाचा, एवढाच प्रश्न ते नाव विचारते आणि थांबते.

विषय जुनाच होता. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून जरठ-कुमारी विवाह हा मराठी प्रेक्षकाच्या परिचयाचा झाला. परंतु देवलांच्या नाटकात भुजंगनाथाचे लग्न सगोत्राच्या मुद्द्यावर मोडते. म्हणजे अन्याय थांबतो तो धर्मशास्त्राच्याच एका आधाराने, मुलीच्या नकाराने नव्हे. 'कुंकू'त लग्न होऊन जाते. पोरकी नीरा मामाच्या घरी वाढलेली. फसवणुकीने तिचा विवाह वृद्ध वकील काकासाहेबांशी लावला जातो. 'शारदा' जेथे संपते त्याच्या पलीकडे ही कथा सुरू होते, म्हणून तिला नवे उत्तर शोधावे लागते. १९२९ च्या शारदा कायद्याने वयाची मर्यादा घातली होती, पण वयात आलेल्या मुलीचे म्हाताऱ्याशी लग्न लागले तर कायद्यापाशी उपाय नव्हता. मुंबई इलाख्यात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ साली झाला आणि देशाला हिंदू विवाह कायदा मिळाला १९५५ साली. नीरेच्या हाती उरतो तो केवळ नकार. ती त्या घरात राहते, घरातील कामे करते, पण पत्नी होण्याचे नाकारते.

या नकाराचा अभिनय सोपा नव्हता. रडणारी स्त्री मराठी रंगभूमीला पुष्कळ ठाऊक होती. नाकारणारी ठाऊक नव्हती. शांताबाईंची नीरा रडते तेव्हाही तिच्या रडण्यात याचना नसते, संताप असतो. ती चेष्टा करते, घरातल्या लहान मुलीबरोबर खेळते, काकूच्या टोमण्यांना उत्तर देते, आणि सावत्र मुलगा मर्यादा सोडतो तेव्हा त्याला छडीने झोडपून काढते. समोर काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते होते. दाते हे महाराष्ट्र नाटक मंडळीत आरंभी स्त्रीभूमिकांसाठी नावाजलेले नट. ज्या रंगभूमीवर शारदेचे दुःख मुलग्यांनी वठविले, तिच्यावर स्त्रीवेश घेतलेला नट आता पुरुषाच्या अपराधभावाचे इतके सूक्ष्म चित्र रंगवीत होता, आणि स्त्रीचा नकार प्रत्यक्ष स्त्रीच्या तोंडून येत होता. मराठी अभिनयपरंपरेतील एक फार मोठी अदलाबदल या दोघांच्या प्रसंगांत घडते. केस काळे करणारे, आरशाला भिणारे, भिंतीवरील घड्याळाशी जणू स्पर्धा करणारे काकासाहेब अखेरीस स्वतःचा अंत करून घेतात व नीरेला मोकळी करतात. हा शेवट काहींना सोयीचा वाटतो, आणि ती तक्रार अगदीच निराधार नाही: नीरेची सुटका शेवटी पुरुषाच्या पश्चात्तापावर अवलंबून राहते. तरीही तो पश्चात्ताप तिच्या नकाराने निर्माण केलेला आहे, एवढे मान्य करावेच लागते.

शांताराम यांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वर्ज्य केले. ऐकू येतात ते घरातले, रस्त्यावरचे स्वाभाविक आवाज. गाण्यांची साथही प्रसंगातल्याच साधनांतून निघते. अशा रचनेत गायिकेचा आवाज उघडा पडतो, आणि शांताबाईंच्या आवाजाने ती परीक्षा पार केली. त्यांनी येथे लाँगफेलो या अमेरिकन कवीची 'अ साम ऑफ लाइफ' ही कविता इंग्रजीतच गायिली आहे. मराठी घरात ही कविता उपरी वाटते असा आक्षेप घेता येईल. पण त्या काळच्या शाळांतून शिकलेल्या मुलीच्या मनात धीराचे शब्द परक्या भाषेतून आलेले असावेत, हे वास्तवाला धरूनच आहे. स्वतःच्या भाषेतील स्त्रीगीते तिला सहन करायलाच शिकवीत आलेली होती.

१९३८ च्या 'गोपालकृष्ण'मध्ये त्या पुन्हा राधा झाल्या, आणि त्यानंतर वर्षभरात प्रभातशी त्यांचे बिनसले. त्या काळी स्टुडिओतील नट-नटी मासिक पगारावर असत व करारामुळे त्यांना अन्यत्र काम करता येत नसे. चित्रपट मिळो वा न मिळो, कलावंत बांधलेला राही. कराराच्या अटींवरून वाद विकोपाला गेला तेव्हा जुलै १९३९ मध्ये शांताबाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणास बसल्या. हा प्रसंग वृत्तपत्रांनी रंगवून दिला; एका लहरी नटीचा तमाशा म्हणून त्याची थट्टाही झाली. थट्टा करणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केले होते. उपोषण हे राजकीय साधन म्हणून देशाला परिचित होते; ते एका तेवीस वर्षांच्या पगारदार स्त्रीने आपल्या मालकांच्या दारात, आपल्या करारासाठी वापरले, हे नवे होते. ज्या संस्थेने तिच्या मुखाने घरातील सत्तेला नकार वदविला होता, त्याच संस्थेच्या दारात तिने कामाच्या ठिकाणची सत्ता नाकारली. दोन्ही नकारांत एकच स्त्री दिसते असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि भूमिका आणि जीवन यांची अशी सरमिसळ करताना सावध राहिले पाहिजे, कारण नीरेचा नकार लेखक-दिग्दर्शकांनी रचलेला होता, फाटकावरचा शांताबाईंनी स्वतः. उपोषणानंतर प्रभातशी असलेला त्यांचा संबंध संपला.

याच सुमाराची एक आख्यायिका चित्रपटव्यवसायात सांगितली जाई: 'फिल्मइंडिया' मासिकाचे संपादक बाबूराव पटेल यांनी लिहिलेल्या मजकुराने चिडून शांताबाई छडी घेऊन त्यांच्या कचेरीत शिरल्या. नीरेच्या छडीची आठवण लोकांच्या मनात ताजी असल्याने ही कथा फार पसरली असावी. तिचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी प्रेक्षकांनी त्यांची कोणती प्रतिमा मनात धरली होती, हे तीवरून कळते.

यानंतर आले पुस्तक. 'जाऊ मी सिनेमात?' हे १९४० साली प्रसिद्ध झाले. त्याचा उल्लेख कित्येकदा आत्मचरित्र म्हणून केला जातो, तो दिशाभूल करणारा आहे. मराठीत अभिनेत्रींच्या आत्मकथनांची परंपरा पुढे चांगलीच समृद्ध झाली: हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' १९७० साली पुस्तकरूपाने आले, लीला चिटणीस यांचे 'चंदेरी दुनियेत' १९८१ साली, दुर्गा खोटे यांचे 'मी, दुर्गा खोटे' १९८२ साली, शांता हुबळीकर यांचे 'कशाला उद्याची बात' १९९० साली. ही सर्व पुस्तके कारकीर्द सरल्यावर मागे वळून पाहतात. शांता आपटे यांचे पुस्तक ऐन कारकीर्दीत लिहिलेले आहे, आणि त्यात स्वतःची कहाणी सांगण्यापेक्षा व्यवसायाची चिकित्सा करण्याकडे कल आहे. शीर्षकातील प्रश्न सिनेमाची स्वप्ने पाहणाऱ्या तरुणांचा आहे. त्याला उत्तर देण्याच्या निमित्ताने लेखिका चित्रपटाचा धंदा कसा चालतो, त्यात भांडवल कोणाचे, श्रम कोणाचे आणि लाभ कोणाचा, याचा विचार मांडते. या विवेचनाच्या मध्यभागी आहे तो थकवा. दिव्यांच्या उष्णतेत, यंत्राच्या वेळापत्रकाप्रमाणे राबणारे शरीर झिजते. झिजलेल्या शरीराची भरपाई करारात कोठेच नसते. पडद्यावर सौंदर्य म्हणून दिसते ते पडद्यामागे श्रम म्हणून खर्ची पडते, हे त्यांनी ओळखले होते, आणि हा श्रम केवळ नट-नटींचा नसून स्टुडिओतील इतर नोकरांचाही आहे याची जाण त्यांना होती.

१९४० सालच्या मराठी गद्यात स्त्रीने आपल्या श्रमाचा असा हिशेब मांडलेला क्वचितच आढळतो. विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'ने १९३३ साली सुशिक्षित स्त्रीच्या मनाची घुसमट वाङ्मयात आणली होती व त्यावरून वादळही उठले होते. शांताबाईंचे पुस्तक त्याच दशकाच्या अखेरीचे; पण त्यातील स्त्री नोकरीच्या ठिकाणी उभी आहे आणि तिचे गाऱ्हाणे मनाबरोबर देहाचे आहे. वाङ्मयेतिहासांनी ते वगळले, कारण त्यांच्या लेखी ते 'सिनेमाचे पुस्तक' होते. सिनेमाच्या इतिहासकारांनी ते बाजूस ठेवले, कारण त्यात किस्से कमी होते. अलीकडे चित्रपटाकडे श्रमाच्या अंगाने पाहणाऱ्या अभ्यासकांनी, विशेषतः देबश्री मुखर्जी यांनी, या पुस्तकाकडे गांभीर्याने लक्ष वेधले आहे. मराठीच्या अभ्यासकांनी हे काम आधीच करावयास हवे होते.

प्रभात सोडल्यावर त्यांनी केलेल्या कामांत 'सावित्री' (१९४१) हा तमिळ चित्रपट सर्वांत लक्षणीय आहे. दिग्दर्शक वाय. व्ही. राव यांचा महाराष्ट्राशी जुना संबंध होता. बंगलोरच्या निर्मात्यांसाठी त्यांनी दिग्दर्शित केलेला 'सती सुलोचना' हा पहिला कन्नड बोलपट १९३४ साली पडद्यावर आला, आणि त्याचे चित्रण झाले होते कोल्हापुरात. त्या काळी म्हैसूर संस्थानात बोलपटाचा स्टुडिओ नसल्याने कन्नड भाषेला पडद्यावर यायला मराठी मुलखात यावे लागले. 'सावित्री'त प्रवास उलट दिशेने झाला. मराठी अभिनेत्री तमिळ पडद्यावर गेली. शांताबाईंनी या भूमिकेसाठी सुमारे वर्षभर तमिळचा अभ्यास केला व संवाद आणि गाणी स्वतःच्याच आवाजात म्हटली. हिंदी त्यांना प्रभातच्या दुभाषी चित्रपटांमुळे सरावाची झाली होती, पण तमिळचे उच्चार मराठी जिभेला सहजी वळणारे नव्हेत. याच चित्रपटात नारदाच्या पुरुषवेशात एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या. त्यांना या भूमिकेसाठी जे मानधन मिळाले त्यातून 'कल्कि' हे तमिळ साप्ताहिक १९४१ साली उभे राहिले, आणि त्यात पुढे रा. कृष्णमूर्ती यांच्या सुप्रसिद्ध ऐतिहासिक कादंबऱ्या क्रमशः प्रसिद्ध झाल्या. आधुनिक तमिळ कादंबरीच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या नियतकालिकाचा पाया अशा रीतीने ज्या चित्रपटाने घातला, त्याची सावित्री मराठी होती. हा योगायोग भारतीय भाषांच्या परस्परसंबंधांचा विचार करणाऱ्यांनी नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

पुढील काळात त्यांचे क्षेत्र पसरले, पण खोली कमी झाली. १९४२ साली लाहोरच्या पांचोलींचा 'जमीनदार' आणि देवकी बोस यांचा 'आपले घर' (हिंदीत 'अपना घर'), १९४४ साली 'कादंबरी', १९४६ साली भालजींचा 'वाल्मीकि' अशी कामे होत गेली. मालकाच्या पगारावरून मुक्त झालेल्या कलावंताला आता दर चित्रपटागणिक करार करता येऊ लागला होता, आणि हा बदल युद्धकाळात सर्वच व्यवसायात झाला. मात्र नीरेसारखी भूमिका पुन्हा वाट्यास आली नाही. १९४६ च्याच मास्टर विनायकांच्या 'सुभद्रा'त शांताबाई आणि तेव्हा सतरा वर्षांच्या लता मंगेशकर यांनी एकत्र गायिलेले एक गीत आहे. चित्रपटसंगीताच्या दोन युगांची ही गाठ. एकीकडे स्वतः अभिनय करीत स्वतः गाणारी नटी, दुसरीकडे पडद्याआडून इतरांना आवाज देणारी गायिका. पार्श्वगायन रूढ झाल्यावर देह आणि आवाज ही दोन वेगळी कामे ठरली व दोघांना वेगळे मोल मिळू लागले. ज्या कलावंतांचे सारे सामर्थ्य या दोहोंच्या एकरूपतेत होते त्यांची गरज उरली नाही. शांताबाईंच्या उतरत्या काळाची मीमांसा करताना त्यांच्या तापट स्वभावाकडे बोट दाखविण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे. तंत्रच बदलले होते.

१९४८ च्या 'भाग्यरेखा' या मराठी चित्रपटात पु. ल. देशपांडे यांच्याबरोबर त्यांनी काम केले. १९४९ साली 'जागा भाड्याने देणे', 'शिलंगणाचे सोने' आणि हिंदीत 'स्वयंसिद्धा' हे चित्रपट आले. 'स्वयंसिद्धा'त पुन्हा एकदा प्रतिकूल विवाहाला धैर्याने सामोरी जाणारी स्त्री त्यांना मिळाली, पण ती घर सावरणारी होती, नाकारणारी नव्हे. स्वातंत्र्योत्तर चित्रपटाला नाकारणाऱ्या स्त्रीपेक्षा सावरणारी अधिक भावली. १९५० नंतर कामे विरळ होत गेली. प्रभातचा स्टुडिओ विकला गेला आणि १९६० साली त्याच जागेत सरकारी चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली.

दीर्घ आजारानंतर २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत शांता आपटे यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना पन्नाशीही गाठता आली नव्हती. त्यांच्या कन्या नयना आपटे यांनी पुढे मराठी रंगभूमी व चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत दीर्घकाळ काम केले आणि २०१४ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.